समुद्राच्या तळाचा धनी कोण?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षांपूर्वीच्या कोणत्याही मराठी वाचनालयात टेबलावर जे वृत्तपत्र पसरलेले असे, त्याच्या एखाद्या स्तंभात परदेशच्या तारा छापलेल्या असत. लंडनच्या पार्लमेंटात काय झाले, लिव्हरपूलला कापसाचा भाव काय निघाला, कोणत्या राजाची प्रकृती बिघडली, हे सारे दोन-दोन ओळींत. रॉयटर या वृत्तसंस्थेची कचेरी मुंबईत १८६६ साली उघडली होती आणि तिच्या तारा विकत घेणे हा इंग्रजी पत्रांचा मान असला, तरी देशी पत्रेही त्याच मजकुरावर आपली पाने भरीत. वाचणाऱ्याला बातमी दिसे. ती कोणत्या वाटेने आली हे दिसत नसे. ती वाट समुद्राच्या तळावरून होती. आजही परदेशचा मजकूर, मग तो बँकेचा व्यवहार असो की दूरदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा, बहुतांशी त्याच वाटेने येतो आणि आजही ती वाट कोणाला दिसत नाही.

जमिनीच्या मालकीचा वाद निघाला की सातबाराचा उतारा काढता येतो. गोव्यात एक-चौदाचा काढतात. समुद्राच्या तळाला असा उतारा नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राष्ट्राचे पाणी, २०० मैलांपर्यंत त्याचा आर्थिक हक्क, तेथून पुढे भूखंडाच्या बुडालेल्या उताराचा काही भाग, आणि त्याच्याही पलीकडे उरतो तो तळ कोणाचाही नाही, किंवा कायद्याच्या भाषेत सर्वांचा आहे. पृथ्वीवरील समुद्रतळाचा निम्म्याहून अधिक भाग असा आहे. जे सर्वांचे असते त्याचा उपभोग प्रत्यक्षात कोण घेतो, हा प्रश्न गावच्या गायरानापासून चालत आलेला आहे. समुद्रतळाच्या बाबतीत दीडशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाला एक रोकडे उत्तर देतो: ज्याच्याकडे तेथवर पोचणारे जहाज आहे, तो.

पहिली गोष्ट तारेची. तांब्याच्या तारेतून वीज जाते, पण पाण्यात ती गळून जाते. तेव्हा तारेला पाणी लागू न देणारे आवरण हवे. ते मिळाले मलायातील एका झाडाच्या चिकातून. गटापर्चा हा तो पदार्थ. खोल समुद्राच्या थंडीत व दाबाखाली तो अधिकच टिकाऊ होतो, हा निसर्गाचा योगायोग. रबराच्या झाडाला चीर देऊन चीक काढतात तसे येथे जमत नव्हते. झाड तोडावे लागे, आणि एका झाडातून निघणारा चीक अगदी थोडा. युरोपातील बातमी वेगाने पोचावी म्हणून मलाया, सुमात्रा व बोर्निओची रानेच्या राने आडवी झाली. तारेच्या इतिहासात या रानांचा उल्लेख बहुधा तळटीपेत असतो.

१८५० साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडीत पहिली तार टाकली गेली आणि लगेचच निकामी झाली. एका मच्छीमाराने ती ओढून वर काढली, असे सांगतात. पुढच्या वर्षी जाड कवचाची तार टाकण्यात यश आले. १८५८ साली अटलांटिक महासागर ओलांडला गेला. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठविलेला ९८ शब्दांचा संदेश पोचायला १६ तास लागले. तरी दोन्ही किनाऱ्यांवर उत्सव झाला. तीनेक आठवड्यांत ती तार मेली. संदेश क्षीण येतो म्हणून विजेचा दाब भरमसाट वाढविला गेला आणि आवरण जळाले. टिकाऊ यश यायला १८६६ साल उजाडले.

हिंदुस्थानच्या तारेची निकड १८५७ च्या उठावाने इंग्रजांच्या ध्यानात आणून दिली. मीरतेची बातमी लंडनला पोचायला आठवडेच्या आठवडे लागले होते. म्हणून तांबड्या समुद्रातून सुएझ, एडन, कराची अशी तार १८५९-६० मध्ये घाईघाईने टाकली गेली. ती ताणून टाकल्याने खडकांवर लोंबकळत राहिली आणि जागोजाग तुटली. संदेशवहन तिने जवळजवळ केलेच नाही. नफ्याची हमी मात्र सरकारने दिलेली होती, त्यामुळे मेलेल्या तारेचे हप्ते इंग्रज करदाता पुढे कित्येक वर्षे भरत होता. नंतर इराणच्या आखातातून तार आली, १८६५ मध्ये ती चालूही झाली; पण पुढे तुर्कस्तानातून जाणाऱ्या जमिनीवरच्या तारेवर इंग्रजी न जाणणारे तारमास्तर बसलेले असल्याने संदेश कधी दिवसांनी पोचे, कधी ओळखू येणार नाही अशा रूपात.

फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईच्या बंदरातून ‘ग्रेट ईस्टर्न’ निघाले. ब्रुनेल या स्थापत्यविशारदाने रचलेले हे जहाज २०० मीटरहून अधिक लांब होते, त्या काळी जगात सर्वांत मोठे. उतारू वाहण्याच्या धंद्यात ते पुरते आतबट्ट्याचे ठरले होते. परंतु हजारो मैलांची तार एकाच पोटात मावेल असे जहाज दुसरे नव्हते. उष्ण कटिबंधातील उन्हाने तारेचे आवरण मऊ पडू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. मुंबईहून एडनपर्यंत सुमारे १८०० सागरी मैल तार सोडीत ते त्याच महिन्यात पोचले. तेथून सुएझ, पुढे माल्टा, जिब्राल्टर, आणि जून १८७० मध्ये मुंबई व लंडन इंग्रजांच्याच हातातील समुद्री तारेने जोडली गेली. या सर्व उद्योगामागे जॉन पेंडर हा मँचेस्टरचा कापडव्यापारी होता. कापूस आणि तार यांचे नाते मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

यानंतरच्या तीस वर्षांत जगातील समुद्री तारांपैकी सुमारे दोन-तृतीयांश इंग्रजांच्या मालकीच्या झाल्या. पण त्याहून बोलका आकडा जहाजांचा आहे. १८९६ साली जगात तार टाकणारी जहाजे ३० होती व त्यांतील २४ इंग्रज कंपन्यांची होती. फ्रान्स किंवा जर्मनीने पैसा उभा केला तरी तार टाकायची कोणी, आणि तुटली तर उचलून जोडायची कोणी? १८८४ साली पॅरिसला समुद्री तारांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने तार तोडणे हा गुन्हा ठरला. मात्र त्याच करारातील १५ वे कलम म्हणते की युद्धमान राष्ट्रांच्या स्वातंत्र्याला यामुळे बाध येत नाही. म्हणजे शांततेच्या काळात तार पवित्र. युद्ध सुरू झाले की तोडायला मोकळी. १८९८ मध्ये अमेरिकेने क्यूबा व फिलिपाइन्समध्ये स्पेनच्या तारा तोडून या मोकळिकीचा वापर करून दाखविला.

इंग्रजांनी यावरून आपला धडा घेतला. केवळ साम्राज्याच्या भूमीला स्पर्श करीत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ‘ऑल रेड लाइन’ त्यांनी १९०२ साली प्रशांत महासागर ओलांडून पुरी केली. नकाशावर साम्राज्य तांबड्या रंगात दाखवीत, त्यावरून हे नाव. १९११ मधील संरक्षण समितीच्या हिशेबाप्रमाणे इंग्लंडला जगापासून तोडायचे तर ४९ तारा तोडाव्या लागल्या असत्या. जर्मनीचा हिशेब फारच सोपा होता. ५ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे, युद्ध पुकारल्यापासून काही तासांच्या आत, ‘अलर्ट’ नावाचे एक साधे तारजहाज इंग्लिश खाडीत गेले आणि एम्डेन शहरातून निघणाऱ्या जर्मनीच्या पाच तारा त्याने उचलून तोडल्या. महायुद्धातील इंग्लंडच्या अगदी पहिल्या कृत्यांत तोफ नव्हती, आकडा आणि करवत होती.

परिणाम दूरवर गेले. तारा गेल्यावर जर्मनीला बिनतारी यंत्रावर किंवा परक्यांच्या तारांवर अवलंबून राहावे लागले, आणि दोन्ही ठिकाणी इंग्रजांचा कान लागलेला होता. जानेवारी १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री झिमरमन यांनी मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीचा प्रस्ताव पाठविला तो चक्क अमेरिकेच्याच राजनैतिक तारेवरून. ती तार इंग्लंडवरून जात होती. लंडनमध्ये तो संदेश उकलला गेला. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. त्याला इतरही कारणे होती, पाणबुड्यांचे हल्ले हे तर मोठेच. पण अमेरिकन जनमत फिरविण्यात त्या संदेशाचा वाटा नाकारता येत नाही.

ज्या शहरातून त्या तारा निघत, त्याचेच नाव धारण करणारी ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका हिंदी महासागरात काय करून गेली, हे आपल्याकडे अजून सांगितले जाते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटविल्या. तिचा शेवट मात्र तारेपायीच झाला. ९ नोव्हेंबरला ती कोकोस बेटांतील डिरेक्शन बेटावर आली. तेथे आफ्रिका, आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया यांना जोडणाऱ्या तारांचे ठाणे होते. जर्मन तुकडीने बेटावर उतरून बिनतारीचा खांब पाडला. खांब टेनिसच्या मैदानावर पाडू नका, अशी विनंती इंग्रज तारबाबूंनी केली व जर्मनांनी ती मानली, असा किस्सा आहे. एक तार तोडलीही. परंतु तुकडी उतरण्यापूर्वीच ठाण्यातून अनोळखी जहाज आल्याचा संदेश सुटला होता. ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ ही नौका जवळपासच होती. काही तासांत ‘एम्डेन’ एका प्रवाळबेटावर रुतून जळत होती.

यानंतर बिनतारी आली, मग उपग्रह आले, आणि समुद्री तारेचे दिवस सरले असा समज रूढ झाला. तो समज आजही सुशिक्षितांत आढळतो. प्रत्यक्षात डिसेंबर १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी काचेच्या तंतूंची पहिली केबल टाकली गेली, आणि आज एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या मजकुराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग अशा केबलमधून जातो. खोल समुद्रात तिची जाडी बागेत पाणी घालण्याच्या नळीहून फारशी अधिक नसते. ऐकण्याची कलाही मागे राहिली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकन पाणबुड्यांनी ओखोट्स्कच्या समुद्रात सोव्हिएत आरमाराच्या केबलवर एक यंत्र चढविले होते. केबल न कापता ते आतील संभाषण फितीवर नोंदवी आणि पाणबुडी येऊन फिती घेऊन जाई. अमेरिकेच्याच एका माजी कर्मचाऱ्याने हे गुपित विकले. नाहीतर ते आणखी किती काळ चालले असते कोण जाणे.

आता दुसरी गोष्ट, खनिजांची. ती तारेच्या गोष्टीला समांतर चालते आणि एका ठिकाणी तिला अगदी चमत्कारिक रीतीने येऊन मिळते.

इंग्लंडच्या ‘चॅलेंजर’ या संशोधन-नौकेने १८७३ साली अटलांटिकच्या तळातून बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले. त्यांत मँगॅनीज होते, शिवाय निकेल, तांबे आणि कोबाल्ट. चार ते सहा हजार मीटर खोलीवर, गाळाच्या सपाट मैदानात ते विखुरलेले असतात. शार्कच्या दाताभोवती किंवा शंखाच्या तुकड्याभोवती धातूचे थर चढत जातात, आणि दहा लाख वर्षांत ही वाढ होते ती काही मिलिमीटरची. जवळजवळ शंभर वर्षे ते संग्रहालयातील नवलाईची वस्तू होते. १९६५ मध्ये जॉन मेरो या अमेरिकन अभियंत्याने त्यांचा व्यापारी हिशेब मांडला आणि श्रीमंत देशांच्या कंपन्या जाग्या झाल्या.

१९६८ च्या मार्चमध्ये ‘के-१२९’ ही सोव्हिएत पाणबुडी हवाई बेटांच्या वायव्येस बुडाली. पाणी सुमारे ५००० मीटर खोल. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला ती हवी होती. एवढे मोठे जहाज भर समुद्रात एका जागी महिनाभर उभे राहणार, तर जगाला सांगायचे काय? सांगितले असे की हॉवर्ड ह्यूज हा विक्षिप्त कोट्यधीश मँगॅनीजचे गोळे काढणार आहे. ‘ग्लोमर एक्स्प्लोरर’ हे जहाज त्यासाठी बांधले गेले. १९७४ च्या उन्हाळ्यात त्याने पाणबुडी पंज्यात धरून उचलली. वाटेत तिचा मोठा भाग निखळून पुन्हा तळाशी गेला, हाती लागलेल्या भागातील सहा सोव्हिएत नाविकांना समुद्रातच दफन करण्यात आले. १९७५ साली वृत्तपत्रांनी बिंग फोडले. मौज अशी की तोवर गोळ्यांची कथा अनेकांनी खरी मानली होती आणि खऱ्याखुऱ्या खाणकंपन्यांच्या उत्साहाला तिने हातभार लावला होता. एका खोट्या बतावणीने एका खऱ्या धंद्याला अशी पत मिळवून दिल्याची उदाहरणे थोडी असतील.

याच सुमारास या तळाला कायदा देण्याचा प्रयत्न चालू होता. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी अर्विद पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सभेत प्रदीर्घ भाषण केले. राष्ट्रीय हद्दींपलीकडील समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, नाहीतर बलवान राष्ट्रे तो वाटून घेतील, असा त्यांचा इशारा होता. १९७० मध्ये आमसभेने ते तत्त्व मान्य केले आणि १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. तळाची व्यवस्था पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण नेमायचे ठरले. अमेरिकेने सही केली नाही. १९८० सालीच तिने आपल्या कंपन्यांना परवाने देणारा स्वतःचा कायदा करून ठेवला होता. खाणतंत्र गरीब देशांना द्यावे लागेल ही अट तिला खुपत होती; १९९४ च्या पूरक कराराने ती अट बोथट करण्यात आली, तरी अमेरिका बाहेरच राहिली. पार्डो यांच्या स्वप्नातून किंग्स्टनला एक कचेरी उभी राहिली, हेही थोडके नाही. पण तिच्याकडे स्वतःचे जहाज नाही.

येथे गोव्याचा संबंध येतो, आणि तो केवळ अभिमानापुरता नाही. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावला येथे आहे. तिची ‘गवेषणी’ ही संशोधन-नौका २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून मँगॅनीजच्या गोळ्यांचा पहिला नमुना घेऊन वर आली. प्रजासत्ताकदिनी चार काळे खडे मिळाले यात काय मोठे, असे कोणी म्हणू शकेल. पुढच्याच वर्षी माँटेगो बेच्या कराराबरोबर एक ठराव झाला. ज्यांनी कराराच्या आधीच समुद्रतळावर प्रत्यक्ष काम केले आहे व किमान ३ कोटी डॉलर खर्च केले आहेत, अशांना ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून क्षेत्र राखून ठेवता येणार होते. त्या ठरावात चार देश नावानिशी घातले गेले: फ्रान्स, जपान, सोव्हिएत संघ आणि भारत. पहिल्या तिघांच्या पंक्तीला चौथा बसू शकला तो ‘गवेषणी’सारख्या नौकांच्या कामामुळे. सामाईक वारशाचे तत्त्व भारताने हिरिरीने मांडले होते. पण वाटा मिळाला तो तत्त्वामुळे नव्हे, जहाजामुळे. हे कटू असले तरी त्यावेळच्या शास्त्रज्ञांनी व मुत्सद्द्यांनी ते वेळीच ओळखले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

नियम असा होता की अर्जदाराने दोन खाणींपुरते क्षेत्र पाहावे. त्यांतील एक वाटा प्राधिकरणाकडे गरीब देशांसाठी राखीव राहील. भारताने मध्य हिंदी महासागरात ३ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र पाहिले व १७ ऑगस्ट १९८७ रोजी त्यातील दीड लाख त्याच्या नावे नोंदले गेले. जगातील ही पहिली नोंदणी. ठरल्याप्रमाणे त्यातील निम्मे परत करून २००२ मध्ये ७५ हजार चौरस किलोमीटरचा शोधकरार झाला. तेथे ३८ कोटी टन गोळे असावेत असा सरकारी अंदाज आहे. मधल्या काळात निकेल व तांब्याचे भाव पडल्याने जगभर सगळेच थंडावले होते. आता विजेच्या मोटारी आणि त्यांच्या बॅटऱ्या आल्या, आणि जुने नकाशे कपाटांतून बाहेर निघाले. भारताने २०२१ साली ४०७७ कोटी रुपयांचे खोल समुद्र अभियान मंजूर केले. त्याच वर्षी चेन्नईच्या संस्थेने बनविलेले ‘वराह’ हे यंत्र ५२७० मीटर खोलीवर तळावर चालवून पाहिले गेले. नाव योग्यच ठेवले आहे.

राखीव वाट्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. प्रशांत महासागरातील क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातील असे एक राखीव क्षेत्र नाउरू या बारा-तेरा हजार वस्तीच्या बेटाच्या शिफारशीवर एका कंपनीला मिळाले. कंपनी मूळ कॅनडाच्या भांडवलाची. जून २०२१ मध्ये नाउरूने करारातील एका कलमाचा आधार घेऊन दोन वर्षांत खाणकामाचे नियम करा, अशी नोटीस दिली. मुदत टळली, २०२५ सालच्या बैठकांतही नियम झाले नाहीत. तीसहून अधिक देश म्हणत होते की आधी थांबा. त्यांच्या म्हणण्याला आधार होता: पेरूच्या समुद्रात १९८९ साली शास्त्रज्ञांनी तळावर नांगर फिरवून पाहिला होता, २६ वर्षांनी गेले तर चऱ्या तशाच होत्या आणि जीवसृष्टी पुरती परतली नव्हती. त्याच २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन अध्यक्षांनी १९८० च्या कायद्याखाली परवाने देण्याचा आदेश काढला आणि ती कंपनी काही दिवसांतच किंग्स्टनऐवजी वॉशिंग्टनच्या दारात अर्ज घेऊन उभी राहिली. चीनने याला आक्षेप घेतला. प्राधिकरणाकडील शोधकरारांत सर्वांत जास्त, म्हणजे पाच, चीनचे आहेत, हे ध्यानात ठेवले की त्या आक्षेपातील कायद्याचे प्रेम नीट समजते.

केबलच्या आघाडीवरही तीच चुरस आहे. सिंगापूरहून मार्सेयला जाणाऱ्या व मुंबई-चेन्नईला स्पर्श करणाऱ्या ‘सी-मी-वी ६’ या केबलचे काम हुआवे कंपनीच्या कुळातील एका चिनी कंपनीला कमी दरात मिळत आले होते. अमेरिकन सरकारने दडपण आणले आणि २०२२ मध्ये ते अमेरिकन कंपनीकडे गेले. दोन चिनी भागीदार बाहेर पडले. पेंडरच्या काळी तार कोणत्या भूमीवरून जाते हे पाहत. आता ती कोणाच्या कारखान्यात बनली हे पाहतात.

केबल तुटणे ही तशी नित्याची बाब आहे. वर्षाला दीडशे ते दोनशे वेळा जगात कोठे ना कोठे बिघाड होतो आणि बहुतेक वेळा कारण मासेमारीचे जाळे किंवा जहाजाचा नांगर असते. त्यामुळेच घातपात लपवायला याहून चांगला आडोसा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तैवानच्या मात्सू बेटांच्या दोन्ही केबल सहा दिवसांच्या अंतराने तुटल्या. चिनी जहाजांकडे बोट दाखविले गेले, हेतू सिद्ध झाला नाही, आणि सुमारे १४ हजार रहिवाशांनी पन्नासेक दिवस कसेबसे काढले. २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात हौथींच्या क्षेपणास्त्राने जायबंदी झालेले ‘रुबीमार’ हे मालवाहू जहाज नांगर फरफटत वाहत गेले व तीन केबल तुटल्या. जोडायला जहाज पाठवायचे तर येमेनमधील कोणत्या सरकारची परवानगी घ्यावी, यात महिने गेले. १८५९ साली ज्या समुद्राने पहिली तार गिळली, तोच हा समुद्र. हिंदुस्थानचा युरोपशी होणारा बराचसा व्यवहार अजून त्याच चिंचोळ्या वाटेने होतो. ६ सप्टेंबर २०२५ रोजी जेद्दाजवळ पुन्हा केबल तुटल्या तेव्हा भारतातही जाळे मंदावले.

कायद्याची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसली ती फिनलंडमध्ये. २५ डिसेंबर २०२४ रोजी ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाने फिनलंडच्या आखातात सुमारे ९० किलोमीटर नांगर फरफटत नेला. एक वीजवाहिनी आणि अनेक संदेशकेबल तुटल्या. फिनलंडच्या कमांडोंनी हेलिकॉप्टरमधून उतरून जहाज ताब्यात घेतले, कप्तान व दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी हेलसिंकीच्या न्यायालयाने निकाल दिला: घटना राष्ट्रीय पाण्याबाहेर घडली, अशा प्रसंगी अधिकार जहाजावर ज्याचे निशाण आहे त्या देशाचा किंवा आरोपी ज्या देशाचे आहेत त्याचा, या न्यायालयाला तो नाही. जहाजावर निशाण होते कुक बेटांचे. याउलट तैवानच्या न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये एका चिनी कप्तानाला केबल तोडल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली, कारण घटना तैवानच्या स्वतःच्या पाण्यात घडली होती. कृत्य तेच, १२ मैलांच्या रेषेच्या अलीकडे गुन्हा, पलीकडे नुसते नुकसान.

भारताकडे याबाबत काय आहे? २०२३ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दिलेल्या माहितीप्रमाणे १७ आंतरराष्ट्रीय केबल देशाच्या पाच शहरांत किनाऱ्याला लागत होत्या. मुंबईच्या बऱ्याचशा वर्सोव्याच्या थोड्याशा पट्ट्यात वाळूखालून वर येतात, जेथे कोळ्यांची जाळी वाळत पडलेली असतात. केबल तुटली तर दुरुस्तीसाठी परदेशी जहाजाची वाट पाहावी लागते आणि त्याला आत येऊ देण्यासाठी अनेक खात्यांचे परवाने लागतात. दुरुस्तीचे जहाज भारतीय निशाणाखाली असावे, अशी शिफारस प्राधिकरणाने त्याच वेळी केली. १८९६ चा तो ३० पैकी २४ चा आकडा येथे आठवल्यावाचून राहत नाही.

विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस, हिंदी महासागराच्या तळावर एक बुडालेला पर्वत आहे. कोबाल्टच्या थरांमुळे त्याला मोल आले. त्याचे नाव अफनासी निकितीन. त्व्येर गावचा हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात घोडा विकायला म्हणून चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला राहिला, बीदरला गेला, आणि आपल्या प्रवासाची टिपणे मागे ठेवून घरी पोचण्यापूर्वीच वारला. चौलजवळ रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारताने या पर्वताच्या शोधासाठी किंग्स्टनला अर्ज केला. तोच टापू आपल्या भूखंडाच्या विस्तारात मोडतो, असा श्रीलंकेचा दावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे आधीपासून आहे. म्हणून अर्ज अडकला. चीनची संशोधन-जहाजे त्या पाण्यात फिरू लागल्याने दिल्लीने घाई केली, असे जाणकारांचे मत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग कटकावरील १० हजार चौरस किलोमीटरचा गंधकी खनिजांचा दुसरा करार भारताच्या पदरात पडला. निकितीनचा पर्वत मात्र बाजूलाच राहिला. आणि १९८७ साली मिळविलेल्या त्या पहिल्या क्षेत्रावरील शोधकराराची वाढीव मुदत मार्च २०२७ पर्यंतची आहे.